सरकारी कार्यालयाला माल पुरवायचाय? निविदा उलटी वाचा

साकीनाक्याला एका अरुंद गल्लीत आमचा गाळा आहे. लोखंडी कपाटं, फाइलींचे रॅक, दवाखान्यात औषधं ठेवायचे स्टँड असा माल आम्ही बनवतो आणि त्यातला बराचसा सरकारी कार्यालयांत, दवाखान्यांत, शाळांत जातो. त्यामुळे महिन्यातून एकदा तरी कुणीतरी चहाला येऊन बसतं आणि म्हणतं, "टेंडर कसं भरतात ते शिकवा ना जरा." भरायला शिकवायला एक दुपार पुरते. पण आमच्या लाइनमध्ये मी जेवढे बुडालेले पाहिले, त्यातले बहुतेक निविदा मिळाल्यामुळे बुडाले. न मिळालेल्यांचं फार तर चार दिवसांचं काम फुकट गेलं.

म्हणून मी नवख्यांना निविदा उलटी वाचायला सांगतो. आधी बिलाचं पान, मग दंडाचं, मग मालाच्या वर्णनाचं आणि सगळ्यात शेवटी पात्रतेचं. म्हणूनच खालच्या पायऱ्याही बिलापासून सुरू होतात.

पायरी १ : बिल कोण काढणार ते शोधा

मुंबईत 'सरकार' नावाचं एकच गिऱ्हाईक नाही. राज्य शासनाची कार्यालयं वेगळी, महापालिका वेगळी, रेल्वे आणि केंद्राच्या कंपन्या वेगळ्या, म्हाडा-एमएमआरडीएसारखी प्राधिकरणं आणखी वेगळी. प्रत्येकाची तिजोरी वेगळी आणि प्रत्येकाचा वेगही वेगळा.

राज्य शासनाच्या कार्यालयाला माल दिलात, तर बाकीच्या जिल्ह्यांत बिल जिल्हा कोषागारात जातं. मुंबईत तेच काम अधिदान व लेखा कार्यालय करतं. वांद्रे-कुर्ला संकुलात, लेखा कोष भवनात. बोलताना सगळे 'पे अँड अकाउंट्स' किंवा पीएओच म्हणतात. तुमचा व्यवहार तिथे थेट नसतो. बिल पाठवतो तो त्या कार्यालयाचा आहरण व संवितरण अधिकारी, म्हणजे डीडीओ. त्याच्याकडे पैसे आहेत की नाहीत हे 'बीम्स' या अर्थसंकल्प वितरण प्रणालीवर ठरतं. अर्थसंकल्पात तरतूद असणं आणि ती रक्कम त्या कार्यालयाच्या नावावर वितरित झालेली असणं यांत कधीकधी सहा महिन्यांचं अंतर असतं. पुरवठा आदेश घेण्याआधी लेखा शाखेत नम्रपणे विचारायचा प्रश्न एकच : "साहेब, ग्रँट आली आहे का, की यायची आहे?" 'यायची आहे' हे उत्तर मिळालं तर पुरवणी मागण्या, म्हणजे पुढचं अधिवेशन, असा हिशोब धरून चाला. डिसेंबरात नागपूरला काय मंजूर होतं यावर साकीनाक्यातल्या गाळ्याचा पगार अवलंबून असतो, हे मला पहिली दोन वर्षं खरंच वाटत नव्हतं.

महापालिकेचा मामला निराळा. तिचं स्वतःचं अंदाजपत्रक आहे. २०२५-२६ चं ७४,४२७ कोटींचं होतं. पण तुमचं दोन लाखांचं बिल त्या आकड्यावर धावत नाही. ते कोणत्या खात्याच्या कोणत्या लेखाशीर्षातून, म्हणजे खर्चाच्या सदरातून, निघणार आणि त्या शीर्षात आज किती शिल्लक आहे, एवढंच महत्त्वाचं. बऱ्याच सामाईक वस्तूंची मोठी खरेदी मध्यवर्ती खरेदी खातं करतं. भायखळा पश्चिमेला ना. म. जोशी मार्गावर, बकरी अड्ड्याजवळ त्याचं ऑफिस आहे आणि पुरवठादार त्याला सीपीडी म्हणतात. छोटी खरेदी वॉर्ड ऑफिस, रुग्णालय किंवा खातं आपल्या पातळीवर कोटेशन मागवून करतं.

केंद्राचं बरंचसं आता जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर चालतं. २०१६ साली ते सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी केंद्राची जुनी खरेदी यंत्रणा, डीजीएस अँड डी, बंद झाली. महाराष्ट्र शासनानेही २०१७ मध्ये जेम स्वीकारलं. जेमवर माल पोहोचल्यावर १० दिवसांत खरेदीदाराने स्वीकृती प्रमाणपत्र द्यायचं आणि त्यानंतर १० दिवसांत पैसे, असा नियम आहे. त्या प्रमाणपत्राला सगळे 'क्रॅक' म्हणतात. नियम पाळला जातोच असं नाही, पण निदान कुणाच्या टेबलावर किती दिवस झाले ते स्क्रीनवर दिसतं. रेल्वेचं स्वतःचं आयआरईपीएस हे पोर्टल आहे. मध्य रेल्वेचं मुख्यालय सीएसएमटीला आणि पश्चिम रेल्वेचं चर्चगेटला असल्याने मुंबईकराला ते दूरचं वाटायला नको.

पायरी २ : स्वतःचा खिसा तपासा

इथे जरा थांबूया, कारण नवा माणूस याच पायरीवर उडी मारून पुढे जातो.

समजा तुम्हाला ४ लाखांच्या कपाटांचा आदेश मिळाला. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे बीजक ४,७२,००० रुपयांचं. माल देऊन बीजक फाडलंत की त्यातले ७२,००० पुढच्या महिन्याच्या विवरणपत्रात सरकारला भरायचे. सरकारने तुम्हाला पैसे दिले की नाही याच्याशी जीएसटीला काही देणंघेणं नाही. पत्रा, रंग, कुलपं घेताना तुम्ही २,४०,००० च्या मालावर ४३,२०० कर भरला असेल, तर तो वजा होऊन २८,८०० रोख जातात. म्हणजे एका सरकारकडून यायचे आहेत आणि दुसऱ्याला त्याआधीच द्यायचे आहेत.

कंत्राटाची किंमत कर सोडून अडीच लाखांच्या वर असेल तर सरकारी कार्यालय २ टक्के जीएसटी टीडीएस कापतं. ४ लाखांवर ८,०००. हे पैसे बुडत नाहीत, पण जीएसटी पोर्टलवर जाऊन 'टीडीएस क्रेडिट' स्वीकारल्याशिवाय ते तुमच्या कॅश लेजरमध्ये येतही नाहीत. हे कुणी आठवणीने सांगत नाही. माझ्या ओळखीच्या एका पुरवठादाराचे दोन वर्षांचे पैसे असेच पोर्टलवर पडून होते. काम जर बांधकामाचं किंवा सेवेचं असेल तर आयकराचा टीडीएसही कापला जातो, व्यक्तीच्या नावे असेल तर १ टक्का, कंपनी किंवा भागीदारी असेल तर २. बांधकामावर शिवाय कामगार उपकराचा १ टक्का. निविदेत ५ टक्के सुरक्षा ठेव मागितली असेल तर आणखी २०,००० हमी काळ संपेपर्यंत अडकले.

आता व्याज. अशा कामात साडेतीन लाख गुंतले आणि बिल निघायला सहा महिने लागले, तर १२ टक्क्यांनी २१,००० रुपये व्याजात गेले. ४ लाखांच्या कामात ते सव्वापाच टक्के होतात. तुमचा नफा जर ८ टक्के धरला असेल तर उरलं काय ते तुम्हीच काढा.

माझा स्वतःचा नियम साधा आहे. एका वेळी सरकारात अडकलेले पैसे सहा महिने आलेच नाहीत तरी गाळ्याचं भाडं, वीज आणि पोरांचे पगार निघाले पाहिजेत. ते निघत नसतील तर निविदा कितीही गोड दिसली तरी मी भरत नाही.

पायरी ३ : कागद

यादी कंटाळवाणी आहे, पटकन उरकतो. पॅन, जीएसटी नोंदणी, गुमास्ता किंवा कारखान्याचा परवाना, व्यवसाय कराची नोंदणी, तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, उलाढालीचा सीएचा दाखला (त्यावर यूडीआयएन नंबर हवाच, तपासतात), रद्द केलेला धनादेश, कामगार असतील तर पीएफ आणि ईएसआयसी, काही ठिकाणी बँकेचा सॉल्व्हन्सी दाखला. प्रतिज्ञापत्रासाठी स्टँप पेपर लागेल. पूर्वी १०० चा चालायचा, ऑक्टोबर २०२४ पासून ५०० चा घ्यावा लागतो.

या सगळ्यांवर फर्मचं नाव अक्षरशः एकसारखं हवं. पॅनवर 'एंटरप्रायझेस' आणि बँकेत 'एंटरप्राइज' असल्यामुळे तांत्रिक छाननीत बाद झालेला माणूस मी पाहिला आहे. आडनावाच्या स्पेलिंगवरून बाद झालेलाही.

उद्यम नोंदणीबद्दल, म्हणजे छोट्या उद्योगांच्या केंद्राकडच्या नोंदणीबद्दल, थोडं सविस्तर. ती मोफत असते. तिच्यासाठी हजार-दोन हजार मागणाऱ्या वेबसाइटी आहेत, त्यांना टाळा. केंद्राच्या २०१२ च्या खरेदी धोरणानुसार केंद्राची खाती आणि कंपन्यांनी वर्षाच्या खरेदीतला २५ टक्के माल सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घ्यायचा असतो. त्यातले ३ टक्के महिला उद्योजकांकडून आणि ४ टक्के अनुसूचित जाती-जमातीच्या उद्योजकांकडून. बयाणा रक्कम, म्हणजे निविदेसोबत भरायची अनामत, माफ. शिवाय तुमचा दर सगळ्यात कमी दरापेक्षा १५ टक्क्यांपर्यंत जास्त असला तरी त्या दराला यायची तयारी दाखवून ऑर्डरचा काही हिस्सा मिळू शकतो. पण हे उत्पादकांना आणि सेवा देणाऱ्यांना. घाऊक-किरकोळ व्यापाऱ्यांना २०२१ पासून उद्यम नोंदणी करता येते खरी, मात्र ती बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती. माल इकडून घेऊन तिकडे देणारे कितीतरी जण उद्यमचं प्रमाणपत्र जोडून निर्धास्त बसतात आणि बयाणा रक्कम भरली नाही म्हणून पहिल्याच छाननीत उडतात. राज्याच्या किंवा पालिकेच्या निविदेत सवलत त्या निविदेच्या अटींत लिहिलेली असेल तरच धरा.

डिजिटल स्वाक्षरी वर्ग ३ ची घ्या. ती घेताना सही आणि एन्क्रिप्शन अशी दोन्ही प्रमाणपत्रं असलेली मागा. नुसती सहीची घेऊन आलेल्याला पुन्हा पैसे मोजावे लागतात. तिचं टोकन स्वतःच्या कपाटात ठेवा. एजंटकडे 'असू दे तुमच्याकडेच' म्हणून ठेवणं म्हणजे सही केलेलं कोरं चेकबुक देऊन ठेवण्यासारखं आहे.

पायरी ४ : अनुभव नसताना आत कसं शिरायचं

अनुभव असल्याशिवाय काम नाही आणि काम असल्याशिवाय अनुभव नाही, हे रडगाणं खरं आहे. वाट छोट्या कामांतून निघते. वॉर्ड ऑफिस, शाळा, दवाखाना, तहसील अशा ठिकाणी निविदेच्या मर्यादेखालची खरेदी तीन कोटेशनवर होते. तिथे आपलं दरपत्रक आणि कॅटलॉग देऊन या, पुन्हा जा, पुन्हा द्या. जेमवर छोट्या रकमेची खरेदी थेट होते आणि १० लाखांपर्यंतच्या ऑर्डरवर ऑगस्ट २०२४ पासून विक्रेत्याला व्यवहार शुल्क नाही. आम्ही सुरुवातीला एका मोठ्या पुरवठादाराला माल बनवून द्यायचो. नाव त्याचं, कपाट आमचं. नफा कमी, पण कोणत्या ऑफिसात कसला माल चालतो ते कळलं.

प्रत्येक छोट्या कामाचा पूर्तीचा दाखला लेटरहेडवर, रक्कम आणि तारखेसकट, त्याच महिन्यात मागून घ्या. साहेबांची बदली झाली की नवे साहेब म्हणतात, "माझ्या काळातलं नाही."

इथेच एक फोन तुम्हाला येईल. "सपोर्टला एक कोटेशन द्या ना, पुढच्या वेळी आम्ही तुम्हाला देऊ." म्हणजे तिघांची कोटेशनं एकाच्याच लॅपटॉपवर टाइप होणार आणि दर आधीच ठरलेला. ही पद्धत इतकी रुळलेली आहे की ती चूक आहे हेच कुणाला वाटत नाही. पण स्पर्धा कायद्यात याला निविदेतलं संगनमत (बिड रिगिंग) म्हणतात आणि पकडलं गेलं तर सपोर्ट देणाराही काळ्या यादीत जातो. तुमच्याजवळ तर अजून घालवायला नावही झालेलं नसतं.

पायरी ५ : निविदा शोधा आणि वाचा

राज्य शासनाच्या निविदा महाटेंडर्स या पोर्टलवर असतात. पालिकेच्या निविदाही तिथे मिळतात, सूचना पालिकेच्या संकेतस्थळावर आणि वर्तमानपत्रांत येते. रोज सकाळी १० मिनिटं बघायची सवय लावा. पैसे घेऊन टेंडरची माहिती ईमेलवर पाठवणाऱ्या सेवा आहेत. सुरुवातीला त्यांची गरज नाही.

वाचताना माझा क्रम असा : देयकाच्या अटी, विलंबाचा दंड, हमी काळ, पोहोचवायची ठिकाणं, तपासणी कोण आणि कुठे करणार, मग मालाचं वर्णन. यातलं 'पोहोचवायची ठिकाणं' हे पान लोक वाचतच नाहीत. १२० रॅक एका गोदामात उतरवणं आणि १२० रॅक ६० शाळांत दोन-दोन उतरवणं, यांत टेंपोभाड्याचाच जमीन-अस्मानाचा फरक आहे.

वर्णनात एखाद्या ब्रँडचं नाव असेल तर पुढे 'किंवा समतुल्य' आहे का बघा. पत्र्याची जाडी, रंगाची पद्धत, कुलपाचा प्रकार यांत एखादी विचित्र, नेमकी संख्या दिसली, ९१५ च्या जागी ९२३ मिमी असं काही, तर ते वर्णन कुणाच्या तरी कॅटलॉगमधून उतरलेलं असतं. हरकत निविदापूर्व बैठकीत घ्या आणि लेखी घ्या. बैठकीत तोंडी बोललेलं कुठेच उमटत नाही. लेखी प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं आणि बदल झाला तर शुद्धिपत्रक निघतं. शुद्धिपत्रक शेवटच्या दिवसापर्यंत तपासत राहा. मुदत वाढलेली नसेलही, पण वस्तूंची संख्या बदललेली असू शकते.

पायरी ६ : दर

दर काढताना कच्चा माल आणि मजुरी सगळेच धरतात. मुंबईत राहून जातं ते असं : चौथा मजला आणि लिफ्ट बंद. दक्षिण मुंबईत जड वाहनांना दिवसा बंदी, म्हणून छोट्या टेंपोच्या जास्त खेपा. जुन्या इमारतीचा लाकडी जिना, जिथे साडेसहा फुटी कपाट वळतच नाही. फोर्टमधल्या एका कार्यालयात आम्ही कपाटं जिन्यावरून परत खाली आणली, गाळ्यात नेऊन दोन भागांत कापली आणि वर नेऊन नटबोल्टने जोडली. नफा त्या जिन्यातच राहिला. हमाली, पावसाळ्यात प्लॅस्टिकचं आवरण, उतरवताना लागलेला पोचा काढायला रंगाचा माणूस, हे सगळं दरात घाला.

शिवाय तुमचा दर ९० किंवा १२० दिवस बांधलेला असतो आणि तेवढ्यात पत्र्याचा भाव हलतो. मुदत संपताना 'वैधता वाढवून द्या' असं पत्र आलं तर आपोआप हो म्हणू नका. बहुतेक निविदांत नकार दिला तरी बयाणा रक्कम जप्त होत नाही असं लिहिलेलं असतं, ते कलम शोधा.

फार खाली जाऊ नका. बांधकामाच्या निविदांत अंदाजपत्रकापेक्षा बराच कमी दर भरला तर अतिरिक्त सुरक्षा ठेव मागतात. मालाच्या निविदेत ती नसली तरी तपासणीत पत्रा मोजला जातोच. ०.८ मिमी लिहून ०.७ देणारे असतात, आणि त्यांची कपाटं दोन पावसाळ्यांत दवाखान्याच्या मागच्या अंगणात पडलेलीही असतात. अधिकाऱ्यालाही ते कळतं. पण सगळ्यात कमी दर सोडून दुसऱ्याला काम दिलं तर लेखापरीक्षणात उत्तर त्याला द्यावं लागतं, आणि वाईट कपाटाबद्दल त्याला कुणी कधी विचारत नाही. मला वाटतं, सरकारी खरेदीतली अर्धी दुखणी या एका वाक्यात मावतात.

पायरी ७ : निविदा भरणं

पालिकेच्या निविदेत पाकीट अ, ब आणि क अशी भाषा असते. क म्हणजे दराचं पाकीट. कुठलाही दर चुकून अ किंवा ब मध्ये गेला तर खेळ संपला. कॅटलॉगवर छापील किंमत राहून गेली म्हणूनही लोक बाद झाले आहेत.

महाटेंडर्सवर दराची एक्सेल शीट डाउनलोड होते. तिचं नाव बदलायचं नाही, ओळी वाढवायच्या नाहीत, फक्त मोकळ्या चौकटी भरायच्या. जीएसटी धरून भरायचा की सोडून, ते शीटवरच लिहिलेलं असतं. दर आकड्यात टाकल्यावर अक्षरी रक्कम आपोआप येते ती मोठ्याने वाचा. एका शून्याने किती माणसं मेली आहेत, विचारू नका.

बयाणा रक्कम एनईएफटीने भरणार असाल तर दोन दिवस आधी भरा, पैसे गेल्यावर पोर्टलवर नोंद यायला वेळ लागतो. कागद चढवून झाले की 'फ्रीझ' करावं लागतं. ते केलं नाही तर तुम्ही निविदा भरलीच नाही. त्यानंतर येणारी पोच छापून ठेवा. मुदतीच्या आत दुरुस्ती करून पुन्हा सादर करता येतं. पण चुकून 'मागे घ्या' हा पर्याय दाबलात, तर त्या निविदेत परत शिरता येत नाही. घड्याळ तुमच्या हातातलं चालत नाही, पानावर वर दिसतं ते सर्व्हरचं चालतं. मी शेवटच्या दिवशी भरतच नाही. शेवटच्या तासाला तर सगळी मुंबई त्याच एका पानावर असते.

पायरी ८ : आदेश मिळाल्यावर

अभिनंदन करून घ्या आणि आदेश निविदेशी ताडून बघा. संख्या, दर, कर, ठिकाण, मुदत. चूक असेल तर त्याच आठवड्यात लेखी कळवा. मुदत आदेशाच्या तारखेपासून मोजतात, तो तुमच्या हाती पडल्यापासून नाही. म्हणून मिळाल्याची तारीख पोचेवर लिहून घ्या.

माल उतरवताना चलनावर घेणाऱ्याची सही, पूर्ण नाव, हुद्दा, तारीख आणि शिक्का, पाचही गोष्टी हव्यात. नुसत्या सहीचं चलन म्हणजे ऑटोग्राफ. मग तपासणी, आणि त्यानंतर भांडारपालाने साठा नोंदवहीत नोंद घेणं. बिलावर 'माल सुस्थितीत मिळाला, नोंदवहीच्या अमुक पानावर नोंद घेतली' असा दाखला पडल्याशिवाय पुढचं टेबल बिलाला हात लावत नाही. बांधकामात याच जागी मोजमाप पुस्तिका असते, सगळे तिला एमबी म्हणतात. भांडारपाल रजेवर असेल तर ती रजा तुमच्या व्याजात मोजली जाते. म्हणून माल पाठवायच्या आदल्या दिवशी फोन करून तो आहे ना ते विचारा.

बिल आदेशातल्या शब्दांत लिहा. आदेशात 'स्टील कपबोर्ड' असेल तर बिलात 'लोखंडी अलमारी' लिहू नका. सोबत आदेशाची प्रत, मूळ चलनं, तपासणीचा कागद, बँकेचा तपशील. बिल द्याल तेव्हा आवक क्रमांक घ्या. पुढच्या सगळ्या फेऱ्यांत तुमची ओळख म्हणजे तो क्रमांक.

फेब्रुवारी आणि मार्चबद्दल. ३१ मार्चला न खर्चलेलं अनुदान व्यपगत होतं, म्हणजे हातचं जातं, म्हणून जानेवारीपर्यंत झोपलेली खरेदी अचानक जागी होते. "१५ दिवसांत माल द्या, मार्चमध्ये बिल काढतो." त्यातली बरीच बिलं खरंच निघतात. पण मार्चअखेरीस पीएओत बिलांचा डोंगर असतो, आणि एखादी त्रुटी काढून बिल परत आलं की ३१ तारीख उलटते. मग नव्या वर्षाचं अनुदान येईपर्यंत तुम्ही 'प्रलंबित दायित्व' या रकान्यातली एक ओळ. १० मार्चनंतर पोहोचणाऱ्या मालाचा आदेश मी घेतो तेव्हा ते पैसे दिवाळीत येतील असंच धरतो.

पायरी ९ : बिल अडकलं तर

भांडू नका, आधी ते कुठे आहे ते शोधा. बहुतेक वेळा बिल 'अडवलेलं' नसतं, नुसतं पडलेलं असतं. एक प्रत कमी, एक शेरा अनुत्तरित, एक सही बदलीमुळे राहिलेली. कारकुनाशी नीट बोललात तर तो स्वतः सांगतो काय जोडायचं ते. दर पंधरा दिवसांनी एक पानी स्मरणपत्र द्या, आवक शिक्क्यासह.

सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असाल तर २००६ चा एमएसएमई विकास कायदा तुमच्या बाजूला आहे. लेखी करार असला तरी माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवस. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज. तक्रार ऑनलाइन करता येते, ती सूक्ष्म व लघु उद्योगांच्या सुविधा परिषदेकडे जाते. याही कायद्याचा फायदा निव्वळ व्यापाऱ्याला नाही. आणि खरं सांगायचं तर ज्याच्याकडे उद्या पुन्हा माल द्यायचा आहे त्याच्याविरुद्ध परिषदेत जायला लोक कचरतात. मी एकदाच गेलो. नोटीस पोहोचल्यावर पैसे आले, व्याज मात्र सोडून दिलं.

दुसरं हत्यार माहिती अधिकार. १० रुपये शुल्क, ३० दिवसांची मुदत. 'बिल का दिलं नाही' असं विचारू नका, कारणांची चर्चा म्हणून टाळतात. 'आवक क्रमांक अमुकच्या देयकावरील टिपणी पानांच्या प्रती द्या' असं मागा. बाद झालेल्या निविदेच्या छाननीचा तक्ताही असाच मागता येतो. लोकसेवा हक्क कायद्याखाली अपील करता येईल का, असं बरेच जण विचारतात. तो २०१५ चा कायदा दाखले, परवाने अशा अधिसूचित सेवांसाठी आहे. पुरवठादाराचं बिल त्यात बसत नाही.

आणि टेबलाखालचं. कुणी मागितलं तर एवढं माहीत असू द्या : २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार आहे. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर ७ दिवसांच्या आत कळवणाऱ्याला संरक्षण आहे. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४. "सगळेच देतात" असं तुम्हाला चहाच्या टपरीवर सांगतील. सगळे देत नाहीत. ज्यांचं चलन, नोंद आणि बिल चोख असतं त्यांच्याकडे मागायला निमित्त कमी सापडतं. बिनचूक कागदावरही अडवणारा एखादा भेटतोच, नाही असं नाही.

पायरी १० : सुरक्षा ठेव परत मागा

बिल मिळालं की लोक हे काम विसरतात. हमी काळ ज्या दिवशी संपतो ती तारीख आजच भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. वर्षं जास्त असतील तर बीजकाच्या फाइलीच्या मुखपृष्ठावर जाड मार्करने. ठेव भरल्याची मूळ पावती त्याच फाइलीत, प्लॅस्टिकच्या पाकिटात. पावती हरवली तर बंधपत्र, प्रतिज्ञापत्र आणि नव्या स्टँप पेपरचा खर्च. बँक गॅरंटी दिली असेल तर मूळ गॅरंटी परत आणून बँकेत जमा केल्याशिवाय त्यामागची मुदत ठेव सुटत नाही.

हमी संपायच्या महिनाभर आधी मी स्वतः एक चक्कर मारतो. कुलूप अडकत असेल, दार लटकलं असेल तर पोराला पाठवून दुरुस्त करून देतो आणि 'माल सुस्थितीत आहे' एवढं एक वाक्य लिहून घेतो. ते वाक्य, पावती आणि अर्ज, तीन कागद. एका दवाखान्यात असाच गेलो होतो. आमची सगळी कपाटं ठीक होती, फक्त एकाला आत जागा नव्हती म्हणून ते तीन वर्षं व्हरांड्यात, वेष्टनासकट उभं होतं. किल्ली हँडलला बांधलेली होती तशीच. सिस्टर म्हणाल्या, "याचंही सुस्थितीत लिहू ना?"